चहा कोणत्या नात्याने

दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मदला एका जुन्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेली बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या एका दारातून रोज दिवेलागणीला पाढे आणि परवचा ऐकू यायचा, आणि तो खणखणीत आवाजात म्हणणारी मुलगी चिनी होती. घरची सख्खी मुलगी अंतरा शेजारी मांडी घालून नुसती बसलेली असायची. आईने, कमलिनीकाकूंनी, दटावलं की ती म्हणायची, "आय नो इट, आई. आय ॲम सेइंग इट इन माय माइंड." मग काकू कपाळाला हात लावत आणि चिनी मुलीकडे बघून म्हणत, "तू तरी म्हण गं बाई, देवाला वाटायला नको की घर रिकामंच आहे."

त्या चिनी मुलीचं नाव युनफा लियाँग. तिचे पणजोबा दक्षिण चीनमधल्या एका हाक्का खेड्यातून बोटीने कलकत्त्याला आले आणि तिथल्या टांगरा नावाच्या चिनी वस्तीत कातडी कमावू लागले. आजोबांनी तेच केलं. वडिलांनी मात्र त्या वासाला दुरून हात जोडले, कढई उचलली आणि दोहा गाठलं. युनफा दोह्यात जन्मली. पासपोर्ट भारताचा, चेहरा पणजोबांचा, आणि चीन पाहिलेला फक्त फोनवर. घरात बोली हाक्का, म्हणजे त्या खेड्यातून निघताना पणजोबांनी जी बरोबर आणली ती. आईला ती आमे म्हणायची आणि वडिलांना आपा.

आपांचं हॉटेल इंडस्ट्रियल एरियात. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचं दुकान, आणि मध्ये लाल कंदील टांगलेलं 'चायनीज'. शुक्रवारी दुपारनंतर कामगारांना सुट्टी, तेव्हा तिथे बसायला जागा मिळायची नाही. नेपाळी, बिहारी, केरळी, सगळे एका टेबलाला बसून मंचुरियन आणि हाक्का नूडल्स खायचे. एकदा खरेखुरे चीनचे इंजिनिअर आले. त्यांनी मंचुरियन खाल्लं, पुन्हा मागवलं, आणि जाताना नम्रपणे विचारलं की हा पदार्थ कुठल्या देशाचा. आपा म्हणाले, "टांगरा." त्यांना तो देश नकाशावर सापडला की नाही, देव जाणे.

हॉटेल म्हटलं की घरातल्या दोन्ही माणसांचा जीव त्यातच अडकतो. आपा कढईपाशी, आमे गल्ल्यापाशी. मग शाळेच्या बसमधून उतरलेल्या पोरीने जायचं कुठे? ती अंतराच्या मागोमाग शेजारच्या दारात शिरली, आणि कमलिनीकाकूंनी आणखी एक ताट वाढलं. एवढीच त्या नात्याची सुरुवात. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला होकार दिला नाही. काकूंचे यजमान दत्तोपंत गॅसच्या प्लांटमधून आले की दारातल्या चपला बघून म्हणायचे, "आज दोन्ही लेकी घरी आहेत वाटतं." त्यांच्या बोलण्यात एवढंच वाक्य असायचं, बाकी ते वर्तमानपत्रात.

काकू नाशिकच्या. तोंड फटकळ, हात सढळ. युनफाच्या केसांशी त्यांचं जुनं वैर होतं. तेल लावून, घट्ट वेणी घालून, खाली रिबिनीची गाठ मारून त्या हात झटकायच्या, आणि पोरगी दारापर्यंत पोचेस्तोवर वेणी सुटून रिबीन जमिनीवर. इतके ते केस सरळ आणि गुळगुळीत. "लोक रेशीम म्हणतील, मी तर म्हणते नुसता उपद्व्याप," असं म्हणत त्या परत बसवायच्या. त्या दोन गुडघ्यांमध्ये मान अडकवून बसलेली युनफा मराठी शिकली, तीही नाशिकची. अंतराला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की इंग्रजी. त्या घरात काकूंना मराठीत उलट उत्तर देणारी एकच मुलगी होती, आणि काकूंना त्याचा राग कमी आणि आनंद जास्त व्हायचा.

शाळेत स्वातंत्र्यदिनाला प्रत्येक मुलाला एकेक राज्य व्हायचं होतं. बाईंनी युनफाकडे बघितलं, जरासा विचार केला आणि तिला ईशान्येकडचं एक राज्य देऊन टाकलं. चेहरा शोभेल, म्हणाल्या. पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आपण कुठल्या राज्याच्या, हे तिला सांगता येत नव्हतं, पण बाईंनी दिलेल्या राज्याच्या नाही, एवढं नक्की कळत होतं. काकूंनी ऐकलं आणि पदर खोचला. "चेहऱ्यावरून राज्य ठरवायचं म्हटलं तर आमच्या ह्यांना कुठलंच राज्य घेणार नाही," त्या म्हणाल्या. दत्तोपंतांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. दुसऱ्या दिवशी काकू शाळेत जाऊन बाईंशी बोलून आल्या, आणि कार्यक्रमाला युनफा नऊवारी नेसून उभी राहिली. चापाची नथ तिच्या इवल्याशा नाकावर ठरेना, म्हणून तिने ती एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने झेंडा. आमे हॉटेलातून तशीच एप्रनवर आली होती. मुलगी काय झाली आहे हे तिला नीटसं कळलं नाही, पण टाळ्या वाजल्या तेव्हा तिचे डोळे भरून आले.

आमे आणि काकू, दोघींची बोलायची भाषा हिंदी. एकीची कलकत्त्याची, दुसरीची नाशिकची. ती हिंदी ऐकून दिल्लीच्या माणसाला घेरी आली असती, पण त्यांचं काही अडलं नाही. आमेच्या घरी पूर्वजांची नावं लिहिलेलं लाकडी फळकुट होतं, त्यापुढे उदबत्त्या लावायच्या. चिनी उदबत्त्या दोह्यात तेव्हा मिळत नव्हत्या. काकू नाशिकहून चंदनाचे पुडे आणायच्या, त्यातला एक शेजारी जायचा. लियाँगांच्या पूर्वजांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दोघींची खरी गट्टी जमली ती नात्यांच्या शब्दांवरून. टांगऱ्यातले सगळे लियाँग हळूहळू टोरांटोला गेले होते, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन करावा लागायचा. बापाचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ, त्यांच्या बायका, आईची बहीण, बहिणीचा नवरा, प्रत्येकाला वेगळा शब्द. शब्द चुकला की पलीकडचा माणूस गप्प व्हायचा आणि आमे अलीकडे चमचा उगारायची. युनफा काकूंकडे कुरकुरत आली, की अंतरा बरी, सगळ्यांना अंकल म्हणून मोकळी होते. काकू उलट आमेच्याच बाजूच्या. "आईचं बरोबर आहे तुझ्या. अंकल म्हणजे चुलता की मामा? कुणाच्या पाया आधी पडायचं, हे कसं कळणार?" त्या दिवसापासून आमे काकूंना शहाणी बाई समजू लागली.

घराबाहेर मात्र युनफाला रोज नव्याने सांगावं लागायचं. मॉलमधल्या फिलिपिनो मुली तिला आपली समजून त्यांच्या भाषेत बोलायला लागत, आणि उत्तर आलं नाही की शिष्ट समजत. टॅक्सीवाले विचारत, कुठली? इंडिया म्हटलं की आरशातून बघत, 'नाही, खरी कुठली?' म्हणून. आता ती एका खाजगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, तिथेही तेच. परवा सरोज नावाच्या एक पुण्याच्या बाई पालथ्या पडल्या पडल्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं एक चिनी मुलगी आहे, हाडं मोडते की काय कोण जाणे." मागून शांतपणे आवाज आला, "नाही मोडत. श्वास सोडा, आणि फोन ठेवा." त्या बाईंची पाठ त्या दिवशी भीतीनेच सरळ झाली असावी.

हसण्यावारी नेण्याची सवय तिला होती, पण कधीकधी लागायचं. एका वर्षी चिनी नववर्षाचा मोठा कार्यक्रम होता. युनफा हौसेने लाल ड्रेस घालून गेली. तिथे सगळे मँडरिन बोलत होते. तिला येत होती फक्त पणजोबांच्या खेड्यातली हाक्का. एका बाईंनी तिच्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुम्हाला चीनची आवड कधीपासून?" ती खाण्याच्या टेबलाशी बशी घेऊन नुसती उभी राहिली. इकडची नाही आणि तिकडचीही नाही, हे तिला इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका उंच मुलाने तिच्या रिकाम्या बशीकडे बघून हाक्कात विचारलं, "जेवलीस का?" त्याला हाक्काची जेमतेम पाच-सहा वाक्यं येत होती, आजीने शिकवलेली. तो किआत, मलेशियातल्या पेनांगचा, आडनाव तान. पाच-सहा वाक्यांवर माणसं लग्नापर्यंत पोचतात, यावर माझा तरी विश्वास नव्हता.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला होता, तो सांगायला हवा. युनफा कॉलेजात असताना आमे आजारी पडली आणि फार लवकर गेली. तिला कलकत्त्याच्या चिनी दफनभूमीत नेलं. आपा आधीच कमी बोलायचे, नंतर बोलणं जवळपास थांबलंच. ते फक्त कढईपाशी उभे राहायचे. काकूंनी त्या दिवसांत युनफाला जवळ झोपवलं, जेवायला घातलं, अभ्यासाला बसवलं, आणि एकदाही 'रडू नकोस' म्हटलं नाही. ती रडून झाली की पाण्याचा पेला पुढे करायच्या. युनफा एकदा म्हणाली, "काकू, तुमचे आभार कसे मानू?" तर त्यांनी जोरात ओरडून विचारलं, "परकी आहेस का तू?" मग आभाराचं ते वाक्य जे तिच्या घशात राहिलं, ते राहिलंच.

म्हणूनच लग्न ठरलं तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. चिनी लग्नात नवरानवरी गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना चहा देतात. दोन्ही हातांनी कप पुढे करायचा, त्या माणसाला त्याच्या नात्याच्या नावाने हाक मारायची, आणि म्हणायचं, चहा घ्या. त्याने घेतला की नातं पक्कं. हळद, फेरे, मंगळसूत्र, सगळं त्या एका कपात. हा चहा काकूंना आणि दत्तोपंतांना द्यायचा, चारचौघांत, गुडघे टेकून. परकी नाही हे म्हणायची तिच्यापाशी हीच एक रीत होती.

घोडं अडलं ते नावापाशी. किआतची आई, श्रीमती तान, नवऱ्याला घेऊन पेनांगहून आली आणि मुलाच्या दोह्यातल्या पर्ल बेटावरच्या फ्लॅटवर उतरली. बाई वाईट नव्हती, कडक होती. तिची आई हाक्का, त्यामुळे आपांशी तिचं छान जमलं. दोघांनी बसून चहाचा क्रम ठरवला. युनफाने शेजाऱ्यांचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, "चहा नात्याला देतात. शेजाऱ्यांना मिठाई देतात. तू त्यांना काय म्हणून हाक मारणार? चहाला नाव लागतं." युनफाने आपांकडे बघितलं. आपा मान खाली घालून म्हणाले, "त्या म्हणतात ते बरोबर आहे."

गुरुवारी दुपारी युनफा हॉटेलात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच समारंभ होता, कारण जुम्म्याच्या नमाजानंतर गिऱ्हाईक सुरू होतं आणि आपांना हॉटेल बंद ठेवणं मान्य नव्हतं. मुलीचं लग्न असलं तरी कामगारांनी जेवायचं कुठे, असा त्यांचा सवाल. ते पातीचा कांदा चिरत होते.

"आपा, काकूंना चहा द्यायचाय मला."

"काय म्हणून देणार?"

"काकू म्हणून."

"तो आपला शब्द नाही. पूर्वजांसमोर आपलाच शब्द लागतो."

"मग आपल्यातला शब्द शोधून द्या," युनफा म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मी सगळे शब्द पाठ केलेत. टोरांटोच्या ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्यालाही शब्द आहे. आणि जिने माझे केस विंचरले तिला नाही? तिला मी मिठाईचा पुडा देऊ?"

आपांची सुरी थांबली नाही. युनफा निघून गेली. बसस्टॉपवर उन्हात उभी असताना तिला पहिल्यांदा वाटलं, की हे लग्न झालं तरी ती अर्धीच राहणार.

काकूंना यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. त्या रुखवताच्या मागे लागल्या होत्या. मुलगी चिनी असली म्हणून काय झालं, आमच्या घरातून जाते तर रुखवत हवंच. साटोऱ्या, चिरोटे, करंज्या, आणि बेसनाच्या लाडवांचा मनोरा. शुक्रवारी सकाळी पैठणी नेसून त्या हॉटेलात आल्या, नवरी लाल कपड्यांत आहे हे बघून सुखावल्या, आणि अगदी मागच्या टेबलापाशी रुखवताची राखण करत बसल्या. दत्तोपंत कोट घालून शेजारी. अंतरा फोनवर चित्रीकरण करत होती आणि अरबी-इंग्रजीत घाई करत सारखं "यल्ला, यल्ला, एव्हरीबडी स्माइल" म्हणत होती.

समारंभ सुरू झाला. टेबलं भिंतीला लावली होती. पहिला कप घरून आणलेल्या पूर्वजांच्या फळकुटापुढे, आमेच्या फोटोला. युनफाने तो दोन्ही हातांनी ठेवला. मग किआतचे आईवडील. मग आपा. त्यांनी चहा घेतला आणि लेकीच्या हातात बांगडी चढवली. श्रीमती तान आता पुढच्या नातेवाइकाचं नाव घेणार, तेवढ्यात आपा खुर्चीवरून उठले. ते सरळ मागच्या टेबलापाशी गेले आणि त्यांच्या कलकत्त्याच्या हिंदीत म्हणाले, "भाभी, दत्ताबाबू, आप लोग इधर आइए."

"फोटो काढायचाय वाटतं," काकू दत्तोपंतांना म्हणाल्या आणि पदर सारखा करत उठल्या. आपांनी दोघांना फळकुटासमोरच्या खुर्च्यांवर बसवलं. मग ते सगळ्यांकडे वळले आणि हाक्कात मोठ्याने एक शब्द म्हणाले. मानलेल्या आईबापांना हाक्कात वेगळा शब्द आहे. मुलगी ज्यांच्या ओटीत घातली, ती आई, तो बाप. तो शब्द पूर्वजांसमोर चालतो. मराठी जिभेला तो पेलत नाही म्हणून इथे लिहीत नाही, पण युनफाच्या कानात तो पडला आणि तिला समोरचं दिसेना. श्रीमती तान चमकल्या. मग त्यांनी मान हलवली, कारण शब्द बरोबर होता.

युनफा आणि किआत गुडघ्यांवर बसले. सुकवलेली लाल बोरं आणि साखर घातलेला चहा, ट्रेवर झाकणाचा कप, दोन्ही हात. युनफाने तो नवा शब्द उच्चारला आणि मग मराठीत म्हणाली, "चहा घ्या."

काकूंनी प्रेमाने तो ट्रे मागे लोटला. "अगं नको गं, आत्ताच घेऊन निघालोय घरून. आधी पाहुण्यांना दे."

"मला तर मुळीच नको," दत्तोपंत म्हणाले. "कशाला उगाच त्रास."

 श्रीमती तान उभ्याच राहिल्या. या चहाला नाही म्हणणं म्हणजे, ही मुलगी आमची नाही आणि हे लग्न आम्हाला मान्य नाही, असा त्याचा स्वच्छ अर्थ. पेनांगमध्ये अशा एका कपावरून घराणी दुरावलेली त्यांनी पाहिली होती. त्या हाक्कात पुटपुटल्या, "त्यांनी नाकारलं." आपांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आयुष्यात एकदा त्यांनी तोंड उघडून, पूर्वजांच्या साक्षीने कुणाला नातं देऊ केलं होतं, आणि ते परत आलं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. किआतने घाबरून युनफाकडे पाहिलं.

युनफाही क्षणभर दचकली. मग तिला एकदम हसू यायला लागलं. त्या खोलीत काय झालंय हे कळलेली ती एकटीच होती. तिला माहीत होतं, की नाशिकचा माणूस पहिल्या हाकेला चहा घेत नाही. घेतला तर तो हावरट. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धा कप म्हणायचं, आणि मग पूर्ण प्यायचा. उन्हातून तापून आलेले दत्तोपंत परक्या घरी पाण्यालासुद्धा आधी नको म्हणतात. काकूंनी तिला नाकारलं नव्हतं, काकू तिच्याशी नेहमीसारख्याच वागल्या होत्या. आणि तिला हेही माहीत होतं, की तिच्या मागे उभ्या असलेल्या बापाला यातलं काहीच कळणार नाही, आणि तो आत गेला तर परत बाहेर येणार नाही. ती दोन्हीकडची होती, तिथल्या एवढ्या माणसांत फक्त तीच. असं असण्याबद्दल तिने आजवर पुष्कळ अश्रू ढाळले होते, आणि आज तिला वाटलं, बरं झालं देवा, मी अशीच निघाले.

ट्रे तिने पुन्हा पुढे केला. "काकू, अर्धाच घ्या."

"अगं, खरंच नको. तुझ्या सासूबाईंना दे ना."

"काकू," युनफा म्हणाली, "हा चहा नव्हे, नमस्कार आहे. आपांनी तुम्हाला माझी आई म्हटलंय, सगळ्यांसमोर. तुम्ही हा घेतला नाहीत तर मी तुमची नाही."

काकूंचा हात हवेतच राहिला. त्यांनी आपांकडे बघितलं, फळकुटावरच्या आमेच्या फोटोकडे बघितलं. "मेले, आधी नाही का सांगायचंस!" त्या म्हणाल्या, आणि कप ट्रेवरून जवळजवळ हिसकावून घेतला. डोळ्यांतून पाणी गळत असताना त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, बोरासकट. मग पैठणीच्या पदराला डोळे पुसून हळूच विचारलं, "दूध नाही गं घालत याच्यात?"

युनफाने वळून श्रीमती तानना हाक्कात सगळं सांगितलं. पहिलं नको हे नको नसतं, ती सभ्यता असते, दोनदा नको म्हणणं हे त्यांच्याकडचं वळण. त्या कडक बाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "माझी आई आहेराच्या पैशांचं लाल पाकीटसुद्धा तीनदा परत करायची," त्या म्हणाल्या. "चौथ्यांदा मात्र कुणी दिलं नाही तर आठवडाभर चिडलेली असायची." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की किआतने आईला असं हसताना पाहिलंच नसावं.

आता दत्तोपंतांचा कप राहिला होता. युनफा तो भरायला वळली, तर किटली तिच्या हातात नव्हती. ती आपांच्या हातात होती. मुलीच्या बापाने कुणाला चहा द्यायचा असतो असं कुठल्याच रिवाजात नाही, ना हाक्कांच्या, ना पेनांगच्या. आपांनी स्वतः कप भरला, दोन्ही हातांत धरला आणि दत्तोपंतांसमोर कमरेत वाकले.

"दत्ताबाबू, भाभी," ते म्हणाले, "हम तो सारा दिन कढ़ाई के पास खड़ा था. लड़की को बड़ा आप लोग किया. इसका माँ गया, तब भी आप लोग किया. हमारे में थैंक यू नहीं बोलता है, अपने लोग को. इसीलिए इतना साल नहीं बोला." त्यांनी कप आणखी जरा पुढे केला. "नाम माँगती थी लड़की. नाम था हमारे पास. देने में शरम आता था, बस. लगता था, अपना काम दूसरा आदमी किया."

काकू तोंडाला पदर लावून रडत होत्या. अंतराचा फोन कधीच खाली गेला होता, आणि ती मराठीत म्हणाली, "बाबा, घ्या ना." युनफा तशीच गुडघ्यांवर होती, एक हात काकूंच्या गुडघ्यावर आणि दुसरा बापाच्या पायावर.

दत्तोपंतांचे ओठ सवयीने हलले. नको, नको, कशाला, एवढं सगळं ओठांवर आलेलं दिसत होतं. ते त्यांनी गिळलं, खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि पहिल्याच हाकेला कप हातात घेतला.